खांदा पोराचा, प्रयोग संघाचा

गेल्या मे महिन्यात शेवगाव तालुक्यातला एक पोरगा माझ्याकडे आला. वय १९. कॉलेजच्या कबड्डी संघाचा उजवा कव्हर. धडक अशी की चढाईवाला मॅटबाहेर जाऊनच थांबायचा. एका संघाच्या निवड चाचणीत त्याला सांगितलं होतं, ‘खेळ चांगलाय, पण कव्हरला उंची कमी पडते. कॉर्नर हो. सहा महिन्यांनी दाखव.’

‘सर, करू का?’ तो म्हणाला.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिलीय त्यांना वाटेल, त्यात काय एवढं? बचावच करायचाय, दोन पावलं बाजूला सरकून. तर ऐका. कव्हरची नजर चढाईवाल्याच्या कमरेवर असते, कॉर्नरची पायावर. कव्हर पुढे झेपावतो, अंगाचं वजन फेकतो. कॉर्नर टोकाला दबा धरून बसतो, पाय आत आला की घोटा धरतो आणि मदत येईपर्यंत एकट्याच्या बोटांवर नि खांद्यावर समोरच्याचा सगळा झटका सोसतो. कव्हर चुकला तर मागे माणसं असतात. कॉर्नर चुकला तर गुण गेला. दहा वर्षं अंगात मुरलेली सवय पुसून उलटी सवय लावायची, तीही सहा महिन्यांत!

मी स्वतः या वाटेने गेलोय. विशीत एका प्रशिक्षकांनी मला कव्हरचा कॉर्नर केला, कारण संघातला कॉर्नर नोकरी लागून गेला होता. गरज संघाची होती. दोन हंगामांत माझा उजवा खांदा दोनदा निखळला. नंतर कव्हरलाही मी जुन्यासारखा खेळलो नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. मला कुणी विचारलंच नाही, एवढंच.

आता कुणी म्हणेल, मातीवर सगळे सगळं खेळायचे. खेळायचे, मान्य. पण तेव्हा मध्य रेल्वे, भारत पेट्रोलियम, महाराष्ट्र पोलिस असे नोकरी देणारे संघ होते. एक हंगाम फसला म्हणून पगार थांबत नव्हता. २०१४ला प्रो कबड्डी आली, पैसा आला, चांगलंच झालं. मी त्या पैशाला नावं ठेवणार नाही. पण लिलावाच्या यादीत खाने तीनच: चढाईपटू, बचावपटू, अष्टपैलू. त्या खान्यांत बसायला पोरांची ओढाताण सुरू झाली. आमच्या नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळायचीय) १६ वर्षांच्या पोरांना गावोगावचे प्रशिक्षक ‘अष्टपैलू’ बनवायला लागलेत. दोन्ही कामं अर्धी येणाऱ्याला अष्टपैलू म्हणायचं, म्हणजे पोरगाही खूश आणि बापही.

इथे हमखास अस्लम इनामदारचं नाव निघतं. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम, आमच्या जिल्ह्याचा अभिमान. २०२३ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो होता आणि मार्च २०२४मध्ये त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. तोही बदललाच की! पण कसा? ८व्या हंगामात आला तो चढाई करायला, आणि चढाई त्याची कुणी काढून घेतली नाही. बचाव तिच्यावर चढवला, सामन्यागणिक, त्याच संघात. त्याच्या खेळात भर पडली, खांदेपालट झाली नाही. त्याचं उदाहरण देणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

हा रोग आपलाच नाही. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहून मोकळी जागा राखणारा गडी. लाइनबॅकर त्याच्या पुढे, दणदणीत अंगाच्या माणसांना थेट भिडणारा. कॉलेजातून सेफ्टी म्हणून निवडायचं आणि लाइनबॅकर करायचं, अशी तिथे टूम निघाली. २०१४च्या निवडीत डीओन ब्युकॅननला ॲरिझोनाने पहिल्याच फेरीत उचललं आणि पुढे आणलं. त्याचं वजन मात्र सेफ्टीचंच. काही वर्षं फार कौतुक झालं. करार संपल्यावर संघाने त्याला पुन्हा घेतलं नाही. पण तिथे पहिल्या फेरीतल्या गड्याच्या करारात मोठी रक्कम हमीची असते. प्रयोग फसला तरी घर चालतं. शेवगावच्या पोराच्या हातात काय होतं? तोंडी ‘दाखव’.

म्हणून माझं भांडण बदलाशी नाही, फुकटच्या बदलाशी आहे. ज्याला कॉर्नर हवाय त्याने पोराला आधी करारात घ्यावं, दोन हंगाम शिकवावं, खांद्याचा विमा आणि फिजिओ द्यावा. आणि शाळेतल्या पोरांची जागा लिलावाकडे बघून ठरवणाऱ्या माझ्या प्रशिक्षक मित्रांनो, तुमची चूक त्या संघांहून मोठी आहे. त्यांना निदान धंदा करायचाय.

त्या पोराला मी ‘नको’ म्हणालो नाही. म्हणायचा हक्क मला नव्हता. घरी दोन एकर कोरडवाहू आणि एक लग्नाची बहीण. म्हटलं, कव्हरचा सराव सोडू नको, कॉर्नर आठवड्यातून तीनच दिवस, आणि कराराचा कागद मागायला लाजू नको. त्याने मागितला. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं. तो रोज पहाटे साडेपाचला मैदानावर येतो. परवा उजव्या खांद्याला पट्टी होती. विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही सर, झोपेत अवघडला.’