रॉजरच्या बाजूने कोणी वाचले?

एखादे पुस्तक घातक आहे, मुलांच्या हातात पडता कामा नये, अशी ओरड सुरू झाली की आम्ही ते पुस्तक आधी शोधून वाचतो. ही सवय आम्हाला आमच्या इतिहासानेच लावली आहे. 1987 साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' छापले, तेव्हा राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून ते वगळा म्हणून केवढा गदारोळ झाला, आणि 1988 च्या सुरुवातीला मुंबईत आपल्या माणसांनी त्याला रस्त्यावर उतरून कसे उत्तर दिले, हे आमच्या मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. मोर्चात चालणाऱ्या किती जणांनी ते परिशिष्ट वाचले होते, असा खवचट प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण पुस्तक जाळायला निघालेल्यांना मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही.

म्हणूनच फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाची 'हिज डार्क मटेरियल्स' ही कुमारांसाठीची कादंबरीमाला आम्ही वाचायला घेतली. 'नॉर्दर्न लाइट्स' (1995), 'द सटल नाइफ' (1997) आणि 'द अँबर स्पायग्लास' (2000) असे तिचे तीन भाग. आपल्यातल्या अनेक तरुणांनी 2019 ते 2022 या काळात आलेली तिच्यावरची मालिका मोबाइलवर पाहिली असेल. या पुस्तकांबद्दल वाचकांची मते इतकी टोकाची की दोन वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल लोक बोलताहेत असे वाटावे. 2003 साली बीबीसीने ब्रिटनमधल्या वाचकांना त्यांची सर्वांत आवडती कादंबरी विचारली, तेव्हा ही मालिका तिसऱ्या क्रमांकावर आली. मुलांच्या पुस्तकांसाठीचे कार्नेगी पदक पहिल्या भागाला मिळालेच होते, पुढे 2007 मध्ये लोकांनी मते देऊन आजवरच्या सगळ्या कार्नेगी विजेत्यांमध्येही त्यालाच पहिले ठरवले. आणि त्याच 2007 साली सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. त्यांचे म्हणणे काय, तर सिनेमात आक्षेपार्ह फारसे नाही, पण तो पाहून मुले पुस्तकाकडे वळतील! अमेरिकेतल्या ग्रंथालयांमधून काढून टाकण्याची मागणी झालेल्या पुस्तकांच्या यादीत 2007 आणि 2008 अशी दोन्ही वर्षे पुलमन वरच्या क्रमांकांत होते. एका ब्रिटिश स्तंभलेखकाने तर 2002 सालीच त्यांना देशातला सर्वांत धोकादायक लेखक ठरवून टाकले होते. गंमत अशी की खुद्द कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी 2004 मध्ये या कथेवरचे नाटक पाहून तिचे कौतुक केले आणि शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या तासाला ती शिकवावी असे सुचवले.

एवढे रणकंदन कशावरून? तर या कथेत देव म्हणवून घेणारा हा सृष्टीचा निर्माता नाही. तो फक्त सर्वांत आधी जन्मलेला एक देवदूत आहे. मागून आलेल्यांना त्याने थाप मारली की तुम्हाला मीच निर्माण केले. त्याच्या नावाने मॅजिस्टेरियम नावाची धर्मसत्ता राज्य करते. शेवटी हा देव इतका जराजर्जर झालेला दिसतो की दोन मुले त्याला दयेने काचेच्या पेटीतून बाहेर काढतात आणि वाऱ्याच्या झुळकीने तो विरून जातो. श्रद्धाळू वाचक यावर चवताळले, नास्तिक वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतले. वीस वर्षे हीच कुस्ती चालू आहे.

आमचे म्हणणे असे की या कुस्तीत दोघांनीही पुस्तकातला नोकर पाहिला नाही.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लायरा नावाच्या मुलीच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, एखाद्या प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत चालतो, बोलतो. त्याला डीमन म्हणतात. लहान मुलांचे डीमन क्षणाक्षणाला रूप बदलतात. आत्ता पतंग, मग मांजर, मग पक्षी. वयात येताना ते एका रूपात कायमचे स्थिर होतात. कल्पना सुंदर आहे, यात वादच नाही. आमच्या अभ्यासवर्गातल्या प्रत्येक पोराने आपापला डीमन ठरवून टाकला होता. तीन वाघ आणि एक मुंगूस.

पण पहिल्याच प्रकरणात लेखक एक गोष्ट सहज सांगून जातो. ऑक्सफर्डच्या कॉलेजातल्या मुख्य नोकराचा डीमन कुत्रा आहे, कारण तो नोकर आहे. आणि तो वरच्या दर्जाचा नोकर असल्यामुळे त्याचा कुत्राही वरच्या जातीचा आहे. थांबा, हे पुन्हा वाचा. जवळजवळ सगळ्या नोकरांचे आत्मे कुत्र्याच्या रूपाचे, आणि नोकरांमध्ये जशी उतरंड तशी कुत्र्यांमध्येही उतरंड! बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती याहून सोप्या चित्रात आम्ही कुठे पाहिलेली नाही. 'जातीचे निर्मूलन'मध्ये त्यांनी 1936 साली बजावले होते की जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीही विभागणी आहे. इथे तर ही विभागणी थेट आत्म्यावर गोंदली गेली. नोकराचे मूल लहानपणी चिमणी असेल, बिबट्या असेल, पण वयात आले की कुत्रा. त्या मुलाच्या मनात काय होते, हे विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही.

पुढे जहाजावरचा एक म्हातारा खलाशी लायराला समजावतो की काही लोकांना सिंह हवा असतो आणि त्यांच्या वाट्याला लाडका झुबकेदार कुत्रा येतो, मग आपण जे आहोत त्यात समाधान मानायला शिकेपर्यंत ते कुढत राहतात. खलाशी प्रेमळ आहे, बोलतोही आपुलकीने. पण आपल्याला हा आवाज ओळखीचा वाटत नाही काय? गावच्या पारावर बसून हाच उपदेश आपल्या आजोबांना किती प्रेमाने केला गेला! नेमून दिलेला धर्म पाळा, त्यातच तुमचे कल्याण. गावगाड्यातही आवाज नेहमी चढाच असे असे नाही. पुष्कळदा तो समजुतीचाच असे.

इथे बौद्ध म्हणून आमचा लेखकाशी मूलभूत मतभेद आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या माणसाला कायमचा ठरून गेलेला आत्मा ही कल्पनाच मान्य होणार नाही. जे आहे ते बदलते आहे, बारा वर्षांच्या मुलाचे आणि साठ वर्षांच्या म्हातारीचेही. चौदार तळ्यावर पाणी प्यायला गेलेली माणसे 'स्थिर' झालेलीच तर होती. बाबासाहेबांनी त्यांना समाधान मानायला शिकवले नाही.

आता रॉजरकडे येतो. रॉजर पार्स्लो हा कॉलेजच्या स्वयंपाकघरातला पोऱ्या, लायराचा जिवलग दोस्त. धर्मसत्तेचे एक मंडळ मुले पळवून नेते आणि त्यांच्यापासून त्यांचे डीमन तोडून काढण्याचे प्रयोग करते. पळवली जातात ती गरिबांची मुले आणि होड्यांवर राहणाऱ्या जिप्शियन नावाच्या भटक्या समाजाची मुले. त्यांचा शोध घ्यायला सरकार येत नाही, तो समाज स्वतःच वर्गणी काढून, माणसे जमवून निघतो. (हे वाचताना आम्हाला पारधी आणि वडार वस्त्या आठवल्या नाहीत असे कसे म्हणावे?) लायरा रॉजरला त्या प्रयोगशाळेतून सोडवून आणते आणि आपल्या बापाकडे, लॉर्ड अॅझरिएलकडे नेते. हा अॅझरिएल म्हणजे नास्तिक वाचकांचा खरा हिरो. देवाविरुद्ध युद्ध पुकारणारा, प्रचंड बुद्धिमान, बेडर. दुसऱ्या विश्वाकडे जाणारा मार्ग उघडण्यासाठी त्याला प्रचंड ऊर्जा हवी आहे आणि ती एखाद्या मुलाचा डीमन तोडल्यावर मिळते. दारात आपली मुलगी दिसताच तो भीतीने पांढरा पडतो. मग तिच्या मागे उभा असलेला रॉजर त्याला दिसतो, आणि त्याचा जीव भांड्यात पडतो.

त्या रात्री रॉजर मरतो. आकाशात पूल तयार होतो आणि देवाविरुद्धची क्रांती सुरू होते.

मित्रांनो, मॅजिस्टेरियमने रॉजरला पळवले, पण त्याला मारले देव नाकारणाऱ्याने. धर्मसत्तेला जशी स्वयंपाकघरातली मुले खर्चायला चालत होती, तशीच या क्रांतिकारकालाही चालली. श्रद्धाळू वाचकांना हे दिसले नाही, कारण त्यांचे सगळे लक्ष देवाच्या अपमानाकडे. पण विवेकवादी म्हणवणाऱ्यांना का दिसू नये? आमच्या ओळखीच्या एका सवर्ण विवेकवादी गृहस्थांशी आमचे यावरून चांगलेच वाजले. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानात्मक कथेत तुम्ही एका पोऱ्याला काय धरून बसता? साहित्यात सगळीकडे जात कशाला शोधता? आम्ही त्यांना म्हटले, आम्ही शोधली नाही, लेखकानेच पहिल्या प्रकरणात नोकरासोबत कुत्रा उभा केला आहे. तुम्हाला तो दिसला नाही एवढेच. या गृहस्थांच्या घरात देवघर नाही. पण मुलीच्या लग्नाची जाहिरात देताना पोटजात लिहायला ते विसरले नव्हते. देव गेला म्हणजे जात गेली, असे आम्हाला पन्नास वर्षे सांगितले जात आहे. आमचा अनुभव असा की देव आधी जातो, आणि त्याची खुर्ची सांभाळणारे मागे तसेच बसून राहतात. त्यातले काही पुढे अंधश्रद्धेवर व्याख्यानेही देतात.

पण आता लेखकाला न्याय दिला पाहिजे, कारण पुलमन स्वतः रॉजरला विसरलेला नाही. विसरले ते त्याचे वाचक. तिसऱ्या भागाबद्दल पुष्कळांची तक्रार असते की तो लांबला, उपदेशाने जड झाला, मृतांच्या देशातला प्रवास रटाळ आहे. आम्हाला तर तोच भाग सगळ्यांत मोलाचा वाटला. लायरा तिथे कशासाठी जाते? राज्य मिळवायला नाही, देवाला मारायलाही नाही. रॉजरची माफी मागायला. अॅझरिएलला हा विचार एकदाही शिवत नाही.

त्या देशाच्या दारावर हार्पी नावाच्या अक्राळविक्राळ पक्षिणी पहारा देतात. लायरा त्यांना नेहमीच्या सफाईने रचलेली थापेबाज गोष्ट सांगते, तेव्हा त्या खोटारडी म्हणून किंचाळत तिच्यावर झडप घालतात. मग ती आपल्या लहानपणी चिखलात खेळलेल्या, भट्टीवरच्या मुलांशी केलेल्या मारामाऱ्यांच्या खऱ्या आठवणी सांगते. त्या मात्र हार्पी शांत बसून ऐकतात. शेवटी करार ठरतो की प्रत्येक मृताने आपल्या जगण्याची खरी हकिकत सांगायची, त्या बदल्यात हार्पी त्याला बाहेरच्या वाटेपर्यंत नेतील. 'बलुतं' 1978 साली आले, 'उपरा' 1980 मध्ये, 'उचल्या' 1987 मध्ये. तेव्हापासून आपल्याला ऐकवले जाते की तुमच्याकडे आत्मकथने तेवढी आहेत, कल्पनाशक्ती नाही. एका इंग्रज कल्पनाकथाकाराने आपल्या सर्व कल्पनाशक्तीनिशी लिहिलेल्या कथेत मृतांच्या सुटकेची किंमत ठरवली ती हीच, खरी हकिकत. यावर समीक्षक मंडळींनी काय ते बोलावे.

बाहेर पडल्यावर ते मृत स्वर्गात जात नाहीत. ते कणाकणाने हवेत, मातीत, झाडांत मिसळून जातात. सर्वांत आधी पाऊल टाकतो तो रॉजर. धम्मग्रंथात बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा प्रश्न सोडवला आहे तो असाच. आत्मा कुठेही जात नाही, देहातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वे बाहेरच्या समूहात मिळून जातात. ऑक्सफर्डच्या लेखकाने हे वाचले असेल असा आमचा मुळीच दावा नाही. दोघांनीही स्वर्गाचे आमिष नाकारले की विचार जवळ येतात, इतकेच.

आणि शेवट! लायरा आणि विल या दोन किशोरांचे प्रेम जुळते आणि त्यांना आपापल्या विश्वात कायमचे परत जावे लागते, यावरून वाचक आजही रडतात, लेखकावर चिडतात. आमच्या वर्गातल्या मुलींनीही त्याला शिव्या घातल्या. पण चिडणाऱ्यांनी त्यामागचे कारण पाहावे. विश्वांमधल्या सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागणार असतात. फक्त एकच उघडी ठेवता येईल असे कळते. ती एक खिडकी ते दोघे स्वतःसाठी ठेवू शकले असते. ती ते मृतांना देतात, म्हणजे रॉजरसारख्या असंख्यांना. हा त्याग एका उमराव बापाच्या मुलीने स्वयंपाकघरातल्या पोऱ्यासाठी केलेला आहे, हे ज्याला दिसत नाही त्याला फक्त फसलेली प्रेमकथा दिसते.

आपल्यातल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचेही एक ऐकवतो. पोरांना परी-राक्षसांच्या गोष्टी कशाला, संविधान वाचायला द्या, असे ते म्हणतात. संविधान द्याच. पण पुराणकथांच्या बळावर ज्यांनी हजारो वर्षे राज्य केले त्यांना गोष्टीची ताकद चांगली ठाऊक आहे. म्हणून तर मुलांची पुस्तके आधी तपासली जातात.

लेखक शेवटी लायराच्या तोंडी स्वर्गाच्या प्रजासत्ताकाची भाषा देतो. राजा नाही, प्रत्येकाने आपापल्या जागी ते उभे करायचे. शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण लायरा परत जाते ती त्याच कॉलेजात, आणि तिच्यापुढे आता शिक्षणाचा मार्ग खुला आहे. आमच्या वर्गात सातवीतली एक मुलगी आहे, तिची आई तीन घरची धुणी-भांडी करते. पुस्तक संपल्यावर तिने एवढेच विचारले की कॉलेजच्या स्वयंपाकघरात रॉजरच्या जागी आता कोणाला ठेवले? आम्ही पाने मागे-पुढे करून पाहिली. येत्या रविवारी विहारात पहिला भाग पुन्हा सुरू होतो आहे, या खेपेस वाचन तीच करणार आहे.