फाईल हलकी करा, अक्षर पुसू नका



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लोअर परळला आमच्या चाळीत रात्री साडेदहाला दारावर थाप पडली. समोरच्या खोलीतली मुलगी उभी होती. नुकतीच कॉलेजात गेलेली, हुशार पोर. हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी.

"काका, जातीचा दाखला चढतच नाही. फाईल मोठी आहे म्हणतंय. उद्या शेवटची तारीख आहे."

दाखला एका पानाचा, पण त्याची फाईल झाली होती चार एमबीची. संध्याकाळी एका दुकानात तीस रुपये देऊन ती लहान करून आणली होती. दुकानदाराने ती इतकी पिळली की आकार मर्यादेत बसला, पण दाखल्याचा नंबर आणि अधिकाऱ्याची सही यांचा नुसता धुरळा झाला. म्हणून पोरीने ती फाईल चढवली नाही. तिला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या भावाने अशीच धुरकट फाईल चढवली होती. 'कागद वाचता येत नाही' म्हणून अर्ज परत आला, तो परत आल्याचे घरात वेळेवर कोणी पाहिले नाही, आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. ते कर्ज ती अजून फेडते आहे.

म्हणून आजचा विषय घेतला. विषय दिसायला क्षुल्लक, पण तो घराचे वर्षभराचे गणित बिघडवतो.

आधी मर्यादा समजून घेऊ. एक एमबी म्हणजे 1024 केबी. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचा प्रत्येक कागद साधारण 15 ते 256 केबीच्या दरम्यान लागतो. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या अर्जात फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबी अशी अट असते. म्हणजे खालचीही मर्यादा असते. फार लहान फाईलसुद्धा नाकारली जाते. या अटी बदलतात, म्हणून भरण्याआधी त्या पानावरची सूचना स्वतः वाचावी. लाखो मुले प्रत्येकी आठ-दहा कागद चढवणार, ते साठवायचे आणि तपासायचे, म्हणून मर्यादा घालतात. ते समजण्यासारखे आहे. पण मर्यादेत बसवण्याचे ज्ञान कोणी देत नाही, तिथे आपली मुले अडतात.

आता फाईल मोठी का होते ते पाहू. पीडीएफ म्हणजे एक लखोटा समजा. आत संगणकाने टाईप केलेली अक्षरे असतील तर लखोटा हलका असतो. आत कागदाचा फोटो कोंबलेला असेल तर जड होतो. फोटो म्हणजे बारीक ठिपके. ए-फोर आकाराचे पान स्कॅनरने 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशेबाने घेतले, तर त्यात सुमारे 87 लाख ठिपके येतात. रंगीत घेतले तर हे मूळ चित्र सुमारे 25 एमबी, करड्या रंगात घेतले तर सुमारे 8 एमबी आणि निव्वळ काळे-पांढरे घेतले तर जेमतेम 1 एमबी. तेच पान 150 डीपीआयला घेतले की ठिपके एक चतुर्थांश होतात. त्यानंतर जेपीईजीसारख्या पद्धतीने ते आणखी दाबले जाते, तेव्हा केबी उरतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. फाईल लहान करायची ती कागद टिपतानाच. आधी जड फाईल बनवून मग ती पिळत बसलो, तर पहिला बळी अक्षराचा जातो.

त्या रात्री आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिले, दाखला प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढला. प्लास्टिकवर दिवा चमकतो. दिवसा असेल तर खिडकीजवळ धरावे, फ्लॅश लावू नये.

दुसरे, आधीच्या फोटोत दाखल्याच्या भोवती चादर आली होती आणि चादरीवर फुले. ती फुलेही केबी खातात! मोबाईलमधल्या गुगल ड्राईव्हमध्ये स्कॅनची सोय आहे. ती वापरून कागदाच्या चारही कडा नीट कापल्या, बाहेरचे काही ठेवले नाही.

तिसरे, रंग काढून करडा केला. निव्वळ काळे-पांढरे केल्यावर गोल शिक्का आणि फिकट सही उडून जाते, म्हणून शिक्क्याच्या कागदाला करडाच बरा. रंगीत प्रत हवी असे स्पष्ट लिहिले असेल तर मात्र रंगीतच द्यावी.

चौथे, तरीही फाईल मोठी राहिली, तेव्हा ती संगणकावर घेतली. लिबर ऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याच्या ड्रॉमध्ये फाईल उघडली, पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करताना रिझोल्यूशन 150 केले आणि जेपीईजीची गुणवत्ता थोडी उतरवली. एकदम तळाला नेली नाही. एकेक पायरी उतरलो. दोनशेवीस केबीला थांबलो.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे. तयार फाईल मोठी करून पाहिली आणि पोरीच्या आईला म्हटले, "वहिनी, नंबर वाचून दाखवा." त्यांनी एकेक आकडा वाचला, पोरीने मूळ दाखल्याशी ताडला. मगच चढवली. तपासणाऱ्या कारकुनाला जे दिसणार, ते आधी आपल्या डोळ्यांनी पाहावे.

आणखी एक चूक घरोघर दिसते. 'आपले सरकार'वरून उत्पन्नाचा दाखला पीडीएफमध्येच मिळतो. लोक त्याची छापील प्रत काढतात, तिचा फोटो घेतात आणि त्या फोटोची पुन्हा पीडीएफ करतात. हलका लखोटा आपल्याच हाताने जड होतो! मिळालेली फाईल आधी तशीच चढते का ते पाहा. डिजिलॉकरमधल्या कागदांचेही तसेच. अशा फाईलवर डिजिटल सही असते. दुसऱ्या सॉफ्टवेअरने नव्याने बनवली की ती सही टिकत नाही. म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवा आणि बदल करायचाच तर तिच्या प्रतीवर करा.

लोअर परळच्या घरांत जुन्या कागदांची आणखी एक पेटी असते, ती गिरणीची. 2023 साली म्हाडाने गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांची पात्रता तपासण्याची मोहीम काढली, तेव्हा ऑनलाईन कागद देण्याची सोय होती. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीत होता, हे सिद्ध करायचे. आजोबांचे ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, हे कागद पिवळे पडलेले आणि शाई विरलेली. असा कागद फार दाबू नका. जादा पाने वगळा, कडा कापा, करडा रंग ठेवा, पण शाई वाचलीच पाहिजे. घराचा हक्क त्या एका तिकीट नंबरावर उभा असतो.

एक सावधगिरी. फाईल फुकट लहान करून देणाऱ्या संकेतस्थळांवर आपला कागद परक्याच्या संगणकावर जातो. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक तिथे टाकू नये. दुकानात काम करून घेतले, तर उठण्याआधी आपल्या फाईली तिथून आणि रिसायकल बिनमधूनही पुसायला लावा, व्हॉट्सअॅप वेबमधून बाहेर पडा. यात संकोच कसला?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही वाट 1944 सालची. त्याआधी 1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात शिक्षणासाठी पैशाची मागणी केली. एवढ्या कष्टाने मिळालेला हक्क आज काही केबींसाठी हुकावा, हे बरे नव्हे.

म्हणून एक सूचना करतो. शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. मुलांचे दाखले, गुणपत्रिका, पासबुक यांच्या नीट फाईली सुट्टीत एकदाच करून ठेवा. अर्ज भरल्यावर दर आठवड्याला तो उघडून पाहा; परत आला असेल तर वेळेत दुरुस्त करता येतो. आणि आपल्यापैकी ज्यांना हे जमते, त्यांनी रविवारी विहारात तासभर बसावे.

त्या मुलीचा अर्ज रात्री पावणेबाराला चढला. पुढच्या रविवारी ती आमच्या विहारात लॅपटॉप घेऊन बसली होती. समोर चाळीतली चार पोरे, आणि ती प्रत्येकाला म्हणत होती, "आधी नंबर वाचून दाखव."