काढा करते कोण, पिते कोण?

हवा पालटली की घराघरांतून आलं-गवती चहाचा वास येऊ लागतो. हळदीचं दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ओव्याची पुरचुंडी, अडुळशाचा काढा. हा ‘आजीबाईचा बटवा’ बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. त्याचं कौतुक भरपूर होतं. पण मैत्रिणींनो, हा बटवा आपणच एकदा उघडून तपासायला हवा. त्यात खरं किती आणि त्यासाठी राबतं कोण?

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. काढ्याने ते मरत नाहीत. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण बरी होते. पण गरम पेयाने घसा शेकला जातो, गुळण्यांनी ठणका कमी होतो, चमचाभर मधाने मुलांचा रात्रीचा खोकला हलका होतो. हे काही थोडं नाही. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं पोरांपुढे ठेवू नये.

याउलट सर्दीसाठी दिली जाणारी अँटिबायोटिक्स विषाणूंवर चालतच नाहीत. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. त्यामुळे घरगुती उपायांना कुणी मागासलेपण म्हणू नये.

पण बटवा कुठे संपतो हेही आपल्याला माहीत हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या बायाही मणी सरकवत श्वास मोजू लागल्या. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, आणि तो अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तीच मोजणी आपल्यालाही येते: मिनिटाला दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास होत असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. तिथे जायला नवऱ्याची किंवा सासूची परवानगी लागत असेल, तर तो प्रश्न आरोग्याइतकाच आपल्या हक्काचाही आहे.

आता राबण्याबद्दल. 2020 मध्ये करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने घरोघरी काढा घ्यायला सांगितलं. तो करायचा कोणी, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात. घरकाम करणारे पुरुष 97. घरात कुणी आजारी पडलं की निवडणं, कुटणं, उकळणं, रात्री उठणं याची त्यात भर पडते. आणि तिला स्वतःला ताप आला तर? फ्लूवर सगळ्यात जुना आणि खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे अंथरुणावर पडून राहणं. नेमका तोच तिच्या वाट्याला येत नाही. धुणीभांडी करणारी एक दिवस घरी राहिली तर बहुतेक ठिकाणी पगार कापला जातो.

गरोदर बाईला फ्लूचा धोका जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटना तिला फ्लूची लस द्यावी असं सांगते. डोहाळजेवण थाटात करणाऱ्या किती घरांत ही लस कुणी विचारते?

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोलू या. श्वास मोजायला प्रत्येकीने शिकायचं. आजारपणाची पगारी रजा घरकामगारांनाही मिळावी, ही मागणी लावून धरायची. आणि घरातल्या मुलग्यांना या हिवाळ्यात काढा करायला शिकवायचं. आलं किती किसायचं ते त्यांनाही समजू दे, आणि आई झोपलेली असताना भांडं घासून ठेवायचं असतं हेही.