पिस्तूल खिशाला बेतावे की हाताला?

नंदुरबारच्या पेठेतील एखादा सराफ किंवा मिरचीचा व्यापारी, दिवसभराची रोकड घेऊन रात्री एकट्याने घर गाठण्याच्या धास्तीपोटी, जिल्हाधिकारी कचेरीत शस्त्रपरवान्याची दरखास्त दाखल करतो, तेव्हा सदऱ्याच्या खिशात बिनबोभाट मावेल आणि ज्याचे वजनही जाणवणार नाही, असे चिमुकले पिस्तूलच बहुधा त्याच्या मनात असते. ही इच्छा स्वाभाविक खरी. परंतु ती पुरविणारे शस्त्र प्रसंगी धन्यालाच दगा देण्याचा संभव फार.

गोळी ज्या संवेगाने पुढे सुटते त्याच संवेगाने शस्त्र मागे रेटले जाते. म्हणून काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर त्याचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि मनगटाने झेलावयाची ऊर्जाही दुप्पट. त्यात मूठ आखूड असून तीवर जेमतेम दोन बोटे टेकत असली, की नळीचे तोंड उसळते, दुसऱ्या गोळीचा नेम चुकतो, आणि मनगट ढिले पडल्यास स्वयंभरित पिस्तुलात रिकामी पुंगळी अडकून शस्त्र ऐन वेळी मुके होते.

९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य परवानाधारकाची निवड मुख्यतः .३२ आणि .२२ यांतच होते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे .३२चे रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे सुमारे ५०० ग्रॅम भरते. ईशापूरचे ‘निडर’ त्याच्याही निम्म्या वजनाचे, पण त्याचे .२२चे काडतूसच सौम्य असल्याने ते हलकेपण हाताला सोसवते. माझ्या मते, नवशिक्याने .३२ घ्यावयाचे तर जरा वजनदारच घ्यावे, आणि मनगट दुबळे असल्यास संकोच न करता .२२कडे वळावे. दुकानात शस्त्र रिकामे असल्याची खातरजमा करून ते हाती घ्यावे, पंजा मुठीवर पुरता बसतो का आणि घोडा ओढताना नेम ढळतो का, एवढे पाहावे. चकाकी आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

सातपुड्यापलीकडून चोरवाटेने येणाऱ्या गावठी कट्ट्याचा मोह तर सर्वथा वर्ज्य. त्याच्या नळीची परीक्षा कोणी केलेली नसते, आणि बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याच्या शिक्षेत शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने वाढच झाली आहे.

२०१६च्या शस्त्रनियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते दाखल्यापुरते न राहता प्रत्यक्ष गोळीबाराच्या सरावापर्यंत पोहोचेल, याचा बंदोबस्त प्रशासनाने करावा. आणि ज्या गृहस्थाला त्या सरावाची सवड नाही, त्याने दरखास्तीच्या भानगडीत न पडता दिवस मावळण्यापूर्वी रोकड बँकेत भरण्याची तजवीज करावी, हेच शहाणपणाचे.