दगडाचा पोत आणि वजनाचा काटा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या दगडाची सरकारदरबारी जी नोंद होते ती टनांत होते, नाही तर ब्रासांत. चुनखडी किती निघाली, मुरूम आणि गिट्टी किती उचलली गेली, स्वामित्वधनाचा भरणा झाला की थकला, ठेक्याची मुदत केव्हा संपते, हे सारे त्या दप्तरात असते आणि असावयासही हवे. महसुलाच्या शिस्तीविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या एका गुणामुळे दगड बोलका होतो, तो म्हणजे त्याचा पोत, अर्थात त्यातील कण जाडे की बारीक, टोकदार की गोटीसारखे गुळगुळीत, एका मापाचे की सरमिसळ, आणि त्यांना सांधणारे द्रव्य चुन्याचे, लोहाचे की सिलिकेचे, या गोष्टीला त्या दप्तरात रकानाच नाही. दगड फोडला, दळला, भट्टीत घातला, तरी त्याच्या वजनाचा हिशेब लागतो. पोत मात्र पहिल्या सुरुंगातच नाहीसा होतो.

महाराष्ट्राचा बहुतांश प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्याने झाकलेला असल्यामुळे आमच्या मुलांच्या मनात दगड म्हणजे काळा बेसाल्ट असेच समीकरण रुजते. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यांत मात्र तो लाव्हा पुष्कळ ठिकाणी विरून जातो आणि त्याहून कितीतरी प्राचीन असे गाळाचे खडक उघडे पडतात. कोरपना आणि राजुरा तालुक्यांतली करडी, पातळ थरांची, हाताला जवळजवळ साबणासारखी लागणारी चुनखडी कवचधारी प्राण्यांच्या उदयापूर्वीची आहे. तिच्यात वाळूचा कण क्वचितच सापडतो, कारण जिथे ती साचली तिथे वाळू वाहून आणण्याइतका जोर पाण्यात नव्हता. गडचांदूर परिसरातले सिमेंटचे कारखाने याच चुनखडीवर उभे आहेत.

याच चुनखडीच्या पाठीवर, चंद्रपूरच्या पश्चिम-नैर्ऋत्येस असलेल्या इरई गावाजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन या अधिकाऱ्याला घासल्याच्या समांतर रेघा आणि घोटून काढल्यासारखी झिलई आढळली, आणि त्याने १८७५ साली त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. (इरई नदीवरच्या धरणाशी या गावाची गल्लत करू नये.) त्या रेघांवर जो थर पसरलेला आहे त्याला भूवैज्ञानिक तालचेरचा गोलाश्मी थर म्हणतात. त्याचा पोत पाहिला म्हणजे प्रथमदर्शनी बुद्धी चकित होते : मऊ, हिरवट चिखलात वाटाण्याएवढा खडा, नारळाएवढा गोटा आणि माणसाला न हलणारा धोंडा, सारे एकत्र, कुणी ढीग ओतून निघून जावे तसे. वाहते पाणी असे करीत नाही. ते जड गोटे आधी टाकते, मग वाळू, आणि सर्वांत शेवटी, वेग मंदावल्यावर, चिखल. वारा तर याहूनही काटेकोर निवड करतो. निवड न करता सारे काही वाहून नेणारा आणि जिथे वितळेल तिथे टाकून देणारा वाहक एकच, आणि तो म्हणजे हिमनदी. ज्या चंद्रपुरात आज मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता, याची साक्ष या ओबडधोबड मिश्रणाने दिलेली आहे.

त्याच्या वरचा बाराकार थर म्हणजे आपल्या कोळशाचे घर. उघड्या खाणीच्या भिंतीतला हा जाडाभरडा, पांढुरका वाळूचा दगड चोळला तर हाताला पांढरी भुकटी लागते. ती कुजलेल्या फेल्डस्पारची आहे. फेल्डस्पार दूरच्या प्रवासात टिकत नाही, त्याअर्थी ही वाळू जवळच्याच ग्रॅनाइटी डोंगरांतून घाईने आली आणि घाईने पुरली गेली. तिच्यातले तिरकस थर ज्या बाजूला कलतात त्या बाजूला नदी वाहत होती, आणि ते मोजणाऱ्यांना आढळले की त्या काळच्या नद्या सर्वसाधारणपणे उत्तर-वायव्येकडे वाहत होत्या. म्हणजे आजची वर्धा आणि प्राणहिता ज्या दिशेने जातात तिच्या जवळजवळ उलट. वाळूच्या मधल्या काळसर शेलमध्ये ग्लॉसोप्टेरिसची पाने शिरांसकट उमटलेली असतात. कोळशावरचा हा सगळा ऐवज खाणीच्या भाषेत ‘ओव्हरबर्डन’ ठरतो आणि डंपरमधून ढिगाऱ्यावर जातो.

कामठी थरांचा तांबूस, लोहाने सांधलेला वालुकाश्म याहून नवा. त्यापुढचा कोटा थर सिरोंचा तालुक्यातल्या, प्राणहितेच्या काठच्या कोटा गावाच्या नावाने ओळखला जातो. तेथील बारीक कणांच्या चुनखडीत माशांचे खवले शाबूत राहिले, कारण सरोवराचे पाणी निवांत होते. या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरांतून निघालेल्या अवाढव्य डायनोसॉरला १९७५ साली रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव मिळाले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंच्याजवळ वडदम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान केले, ही समाधानाची गोष्ट.

वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याचे ऋण तर मला सर्वांत मोठे वाटते. तेथील तांबड्या मातीच्या शेतांत डायनोसॉरांची शेण-लेंडी दगड होऊन पडलेली आहे. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिच्यातून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण काढून दाखविले, आणि गवताचा प्रसार डायनोसॉरांनंतर झाला ही रूढ समजूत त्यामुळे मागे पडली. २०११ साली त्याच अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात भाताच्या कुळातल्या गवतांचाही माग लागला. झाडीपट्टीतल्या धानकऱ्याला आपल्या पिकाच्या कुळाचा इतका प्राचीन दाखला आपल्याच मुलखातल्या मातीत निघाला, हे कुणी सांगितले आहे काय?

उत्खनन थांबवावे असे मी म्हणत नाही. कोळशावर आणि सिमेंटवर या भागातली हजारो घरे चालतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या खाणीतून थर कायमचा जाणार आहे तिच्या भिंतीचे, ती फोडण्यापूर्वी, मोजमापासह छायाचित्र, थरवार वर्णन आणि प्रत्येक थराचा एक हातभर नमुना ठेवणे ही खाणपट्ट्याची अट असावी; आणि खाण बंद होताना तिची एक भिंत न बुजविता अभ्यासासाठी उघडी राखावी. हे नमुने ठेवण्यास २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाहून योग्य जागा नाही, आणि खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहेच; तो खाणीने बाधित झालेल्या मुलखासाठी असेल, तर त्या मुलखाच्या मुलांना त्यांच्या पायाखालची जमीन ओळखता येणे हेही त्याचेच काम आहे. छत्तीसगडातल्या मनेंद्रगडला याच तालचेर काळातल्या सागरी जीवाश्मांचे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखले गेले. इरईचा आणि पिजदुऱ्याचा अधिकार त्याहून उणा नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळांच्या रक्षणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. परंतु कायद्याची वाट न पाहताही जिल्हाधिकारी इरईच्या त्या घासलेल्या शिळेचा पंचनामा करवू शकतात, तिची हद्द आखू शकतात, आणि पिजदुऱ्याच्या शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन नांगराबरोबर वर येणारे ते दगड कोठे जमा करावयाचे हे ठरवून देऊ शकतात. पावसाळ्यापूर्वी हे काम सुरू करता येईल.