शेवटचे बटण नातवाला लावू द्या

गेल्या पावसाळ्यात एक आजी सात वर्षांच्या नातवाला खोकल्यासाठी माझ्याकडे घेऊन आल्या. छाती तपासायची म्हणून मी त्याला शर्टाची बटणे काढायला सांगितले. तो नुसता आजींकडे पाहत राहिला. आजींनी सवयीने हात पुढे करून बटणे काढली, तपासणी झाल्यावर लावलीही. आईवडील नोकरीला जाणारे. घास भरवण्यापासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत सारे आजींकडेच. मुलगा बोलण्यात हुशार, परंतु हातांच्या कामात अडखळणारा. निघताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी आहे तोवर ठीक. पुढे याचे कसे होणार?"

वर्षभरापूर्वीही त्यांनी हीच तक्रार सांगितली होती. 'मोठा झाला की येईल सगळे' असे म्हणून मी ती उडवून लावली होती. ती माझी चूक होती.

या वेळी मी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांनी व्यवसायोपचारतज्ज्ञांकडे. 'व्यवसायोपचार' या नावाने पुष्कळांची फसगत होते. सात वर्षांच्या मुलाला कसला आला व्यवसाय? येथे व्यवसाय म्हणजे माणसाची रोजची कामे: जेवण, अंघोळ, कपडे, खेळ, लेखन. हे शास्त्र आपल्याकडे नवेही नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले.

उपचारतज्ज्ञ बाईंनी प्रथम बटणांना हातच लावला नाही. मुलगा बसतो कसा, हे पाहिले. खुर्चीवर त्याचे पाय लोंबकळत आणि धड डुलत असे. धड स्थिर नसेल तर बोटांना नेमके काम साधत नाही. म्हणून पाय टेकतील असे बुटके स्टूल आले. बोटांत बळ यावे म्हणून कणीक मळणे, मटार सोलणे, ओले फडके पिळणे असे खेळ दिले. जेवणासाठी जाड मुठीचा चमचा सुचवला.

बटणे शिकवण्याची रीत मला फार आवडली. ती उलट्या टोकाने सुरू होते. बटण काजातून अर्धे आजींनी सारायचे आणि पलीकडून ओढून घेण्याचे शेवटचे काम मुलाने करायचे. ते जमू लागले की त्याआधीची पायरी त्याच्या हाती द्यायची. यात काम पूर्ण झाल्याचा आनंद प्रत्येक वेळी मुलालाच मिळतो; अर्ध्यावर अडून रडू येत नाही. सदरा, पायमोजे, चपला, सर्वांना हीच रीत चालते. मात्र सराव संध्याकाळी निवांतपणे करावा. सकाळी शाळेची गाडी दारात उभी असताना कोणाचाच धीर टिकत नाही.

हा गृहपाठ नातवापेक्षा आजींनाच जड गेला. तो चाचपडत असताना हात आवरून बसणे त्यांना जमेना. अखेर त्या हातात जपमाळ घेऊन बसू लागल्या!

प्रत्येक मुलाचा वेग निराळा असतो, हे खरे. तरीही वर्षाच्या आतले बाळ सतत एकच हात वापरत असेल, किंवा मुलाला पूर्वी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्यांत तसेच शासकीय व अनुदानित शाळांत मोफत होते. गरजेप्रमाणे पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

परवा तो मुलगा पुन्हा आला. त्याने खालची चार बटणे स्वतः काढली. बाहेर रुग्ण ताटकळले होते, तरी मी थांबलो. गळ्याजवळचे मात्र आजींनी काढले. ते दिसत नाही, म्हणून सर्वांत शेवटी येते, असे बाईंनी त्यांना सांगितले आहे. सध्या घरी आरशासमोर त्याचा सराव चालू आहे.