आधी झाड ओळखा, मग अळी

पावसाळा लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. अंगणातल्या लिंबाला इल्ली लागली आहे, कोणते औषध मारावे? आमचे म्हणणे एवढेच की औषधाच्या आधी ती कोण आहे, हे मुलांना ओळखू द्या.

आपण इंदूरकर सरसकट ‘इल्ली’ म्हणून मोकळे होतो. मराठीत मात्र केसाळ तो सुरवंट आणि गुळगुळीत ती अळी. हा भेद कामाचा आहे, कारण कित्येक सुरवंटांचे केस टोचले की खाज सुटते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून की काय, ही जोडी आम्हांला फार आवडते.

लिंबावरची अळी लहानपणी काळपट तपकिरी असते, वर पांढरा डाग. हुबेहूब पक्ष्याची विष्ठा! पानावर उघडी बसूनही ती सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. मोठी झाली की कात टाकून हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी दोन शिंगे काढून उग्र वास सोडते. त्याने आपल्याला काही अपाय नाही, ती शत्रूला हाकलण्याची युक्ती आहे.

ही अळी बहुधा लाइम फुलपाखराची, नाहीतर कॉमन मॉर्मनची. लहानपणी दोघी इतक्या सारख्या की मोबाइलवरचा फोटोही फसवतो. झाड मात्र कूळ सांगते. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडे. मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेऊनच अंडे घालते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेले ब्लू मॉर्मनही याच कुळातल्या झाडांवर वाढते. नेमके नाव हवे असेल तर फुलपाखरू निघेपर्यंत थांबावे. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके आणि शेपटी नाही, तर ते लाइम.

आंब्यावरची कॉमन बॅरनची अळी तर याहून वस्ताद. पाठीवरची पिवळसर रेघ पानाच्या मधल्या शिरेवर जुळवून, पिसांसारखे काटे दोन्ही बाजूंना पसरून निवांत पडून राहते.

कुंडीतल्या कोवळ्या रोपाचा अळ्या फडशा पाडतात, हे खरे. तेव्हा त्यांना उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवावे. मोठ्या झाडाला पाने पुन्हा फुटतात. आणि पालकहो, कढीपत्त्यावर मारलेले औषध शेवटी आपल्याच फोडणीत येते!

मुलांनी वहीत झाडाचे नाव, तारीख आणि रोजचे चित्र काढून आणावे. अळी मात्र डबीत भरून शाळेत आणू नये.